घाम कुणाचा? सात भूमिकांच्या एका नाटकाचं प्रकरण

हे प्रकरण एका व्यावसायिक मराठी नाटकाचं आहे. नाटकाचं आणि माणसांची नावं मी देत नाही. गावं आणि कथानकातले काही तपशील बदलले आहेत. मी वाचिक अभिनय, म्हणजे आवाज आणि बोलणं यांतून होणारा अभिनय, शिकवते. नाटक अडचणीत आल्यावर दिग्दर्शिकेनं मला प्रयोग बघायला बोलावलं आणि पुढच्या तालमींनाही मी बसले. नट प्रेक्षकांसमोर उघड उघड जिवाचं रान करतो, तेव्हा लोक त्याच्यावर जीव का टाकतात आणि तेच नाटकाला कुठे महागात पडतं, हे या एका नाटकात फार स्पष्ट दिसलं. म्हणून ते सविस्तर लिहिते आहे.

पार्श्वभूमी

नाटक दोन अंकी, फार्सच्या अंगानं जाणारं. एका जुन्या वाड्यात फक्त एक तरुण मुलगा आणि त्याची आई उरली आहेत. बाकीचे भाडेकरू कुणी वारले, कुणी मुलांकडे उपनगरात गेले. बिल्डरचा माणूस भाडेकरूंची नोंद करायला येतो. वाडा रिकामा आहे हे त्याला कळलं, तर दोघांची गठडी वळायला वेळ लागणार नाही. मग मुलगा ठरवतो की उरलेल्या खोल्यांमधली माणसं आपणच उभी करायची. निवृत्त मास्तर, कानानं अधू कीर्तनकार बुवा, खाणावळवाल्या मावशी, असे सहा जण आणि सातवा तो स्वतः. एका वेशात मारलेली थाप दुसऱ्या वेशात अंगाशी येते आणि गुंता वाढत जातो.

लेखन पक्कं होतं. वेश बदलण्याची घाई ही त्या मुलाची गरज होती, नटाची करामत दाखवण्यासाठी ती वरून चिकटवलेली नव्हती. मराठी रंगभूमीवर याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे आचार्य अत्र्यांचं १९६२ सालचं 'तो मी नव्हेच'. प्रभाकर पणशीकर त्यात पाच रूपांत दिसायचे आणि फिरत्या रंगमंचामुळे एका प्रसंगातून दुसऱ्यात झपाट्यानं जाता यायचं. प्रेक्षक थक्क व्हायचे, पण त्या थक्क होण्याचा रोख नाटकातल्या भामट्यावर, लखोबा लोखंडेवर असायचा. हा माणूस किती नावांनी, किती घरांत शिरला! नटाचं वेशांतर आणि भामट्याचं वेशांतर ही तिथे एकच गोष्ट होती. आमच्या प्रकरणातल्या लेखकानंही हीच जोडणी मनात धरली होती.

नट पंचविशी ओलांडलेला, एकांकिका स्पर्धांमधून आलेला. पुण्यातल्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेच्या वेळी भरत नाट्य मंदिरात 'आवाज कुणाचा' ही आरोळी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे वातावरण माहीत असेल. तिथे नटाकडे तासाभराहून कमी वेळ असतो आणि समोर परीक्षक असतात. तेवढ्यात आपली ताकद दिसलीच पाहिजे, ही सवय अंगात मुरते. या मुलाची तयारी खरोखर दांडगी होती. तालमीला सगळ्यांच्या आधी यायचा, शेवटी जायचा.

सुरुवातीचे प्रयोग बरे चालले. बुकिंग फार नव्हतं, पण बघून गेलेला माणूस दुसऱ्याला सांगत होता. वेशांतरं घराच्या आतल्या खोलीच्या दारामागे व्हायची. कपडेपट सांभाळणारे गृहस्थ आत कपडे हातात घेऊन उभे असायचे. प्रेक्षकांना दिसायचं एवढंच, की मुलगा आत गेला आणि मास्तर बाहेर आले.

दार निखळलं ती रात्र

दौऱ्यावरच्या एका प्रयोगात नेपथ्यातलं ते दारच निखळून पडलं. आत नट उभा. कमरेला बुवांचं धोतर, वर मावशींचं लुगडं अर्धं गुंडाळलेलं, आणि कपडेपटवाले गुडघ्यावर बसून निऱ्या खोचताहेत. नट थांबला नाही. मावशींचा आवाज काढत तो पुढचं वाक्य बोलत राहिला आणि लुगडं सावरत बाहेर आला. थिएटर उसळलं. टाळ्या थांबेनात, म्हणून बिल्डरच्या माणसाचं काम करणारा नट बराच वेळ नुसता उभा राहिला. मध्यंतरात लोक रंगपटात त्याला भेटायला आले.

दुसऱ्या दिवशी गाडीत व्यवस्थापक म्हणाले, "दादा, ते दार आता बसवूच नका."

निर्णयाचं पहिलं वळण हेच. दिग्दर्शिका दौऱ्यावर नव्हती. तिला फोन गेला. "दोन-चार प्रयोग बघू या," असं ती म्हणाली. दाराच्या जागी आधी जाळीचा पडदा आला आणि त्यामागे उजेड. नंतर पडदाही गेला.

व्यवस्थापकांचा सल्ला मला गल्लाभरू वाटत नाही. त्यांनी टाळी ऐकली होती आणि ती खरी होती. चित्रपटात नटाची मेहनत संकलनाच्या टेबलावर पुसली जाते, मालिकेत चुकलेला भाग पुन्हा करता येतो. नाटकात मात्र निरी सुटू शकते, मिशी पडू शकते, श्वास अडकू शकतो, आणि हे सगळं आपल्यापासून पंधरा-वीस फुटांवर. चुकण्याची शक्यता डोळ्यांसमोर असते, म्हणून न चुकण्याचं मोल वाढतं. शिवाय आपला प्रेक्षक स्वतः राबणारा आहे. आठवडाभर लोकलला लोंबकळून रविवारी तिकीट काढलेल्या माणसाला आपल्यासाठी कुणीतरी जीव तोडून करतंय, हे बघून बरं वाटतं. पोवाडा गाणाऱ्या शाहिराच्या मानेच्या फुगलेल्या शिरा, ढोलकी आणि हलगीची जुगलबंदी, संगीत नाटकात एकाच पदाला मिळणारे वन्समोअर, या सगळ्यांत कलेइतकाच कष्टांचा मान आहे. त्या मानाला कमी लेखून हे प्रकरण समजणार नाही.

अडचण कशी वाढत गेली

बुकिंग वाढलं. जाहिरातीत कथेचा उल्लेख मागे पडला आणि 'एक नट, सात माणसं, डोळ्यांदेखत' ही ओळ पुढे आली. वेशांतराची रील्स फिरू लागली. त्यात लुगड्यातून धोतरात येण्याला किती सेकंद लागतात, याची चर्चा. मग नटानं ॲडिशन, म्हणजे संहितेत नसलेल्या पदरच्या जागा, घ्यायला सुरुवात केली. घामाघूम होऊन बाहेर यायचं, प्रेक्षकांकडे बघून धापा टाकायच्या आणि म्हणायचं, "अजून दोघं बाकी आहेत!" टाळी हमखास. मग दुसरी ॲडिशन, मग तिसरी. दोन तास दहा मिनिटांचं नाटक अडीच तासांच्या पुढे गेलं. कधीतरी रंगमंचावर घड्याळ लावायचीही सूचना आली. ती दिग्दर्शिकेनं जागीच फेटाळली.

मी पहिल्यांदा प्रयोग बघितला तो या टप्प्यावर. पहिला अंक म्हणजे जल्लोष होता. मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत जे बोलणं कानावर आलं, त्यात एक शब्द सारखा होता: मेहनत. "काय मेहनत घेतो हो पोरगा!" वाडा जाणार का, आईचं काय होणार, यावर अवाक्षर नाही. मी मुद्दाम रांगेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले. तिथेही तेच.

दुसऱ्या अंकात एक शांत प्रसंग आहे. मुलगा सगळे वेश उतरवून आईसमोर बसतो आणि आई सांगते, की या वाड्यातून निघायची तिच्या मनाची तयारी केव्हाच झाली आहे. मुलगा जे वाचवायला धडपडतोय, ते तिला नकोच आहे. नाटकाचा जीव या प्रसंगात आहे. त्या रात्री तो चालू असताना खोकले ऐकू येत होते, दोन-तीन मोबाईल उजळले होते. लोक पुढच्या वेशांतराची वाट बघत होते. आईचं काम करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्री नंतर दिग्दर्शिकेला म्हणाल्या, "अगं, तो माझ्याकडे बघतच नाही. माझ्या मागच्या अंधाराकडे बघतो."

त्यानंतरच्या एका शनिवार-रविवारी तीन प्रयोग लागले. तिसऱ्या प्रयोगात मावशींच्या वरच्या पट्टीत त्याचा आवाज फाटला. वाक्य पुरं होईना. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवून त्याला धीर दिला, आणि त्या टाळीवर तो अजून जोरात बोलला.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बीण घालून पाहिलं. दोन्ही स्वरतंतूंवर सूज होती आणि पुढचा व मधला भाग जिथे मिळतो तिथे गाठी धरायला सुरुवात झाली होती. पुरुषाचे स्वरतंतू साध्या बोलण्यात सेकंदाला साधारण १०० ते १२५ वेळा एकमेकांवर आपटतात. बायकी आवाजाच्या पट्टीत हा आकडा दुपटीच्या घरात जातो. त्यात जोर लावला, धापा टाकून घसा कोरडा पडू दिला, की गाठी येण्याचा धोका फार वाढतो. डॉक्टरांनी पूर्ण मौन सांगितलं आणि कुजबुजायलाही मनाई केली, कारण जोर लावून कुजबुजण्यानंही घसा शिणतो.

टाळी नेमकी कुणाला

मौनाच्या काळात दिग्दर्शिकेनं प्रयोगांची चित्रणं काढली आणि आम्ही दोघी ती बघत बसलो. तिनं एक साधी पद्धत ठरवली. प्रत्येक टाळी आणि मोठ्या हशापुढे लिहायचं: ही दाद मुलाला गेली की नटाला? काही ठिकाणी आमचं जमलं नाही, वाद झाले. पण चित्र लवकर स्पष्ट झालं. दार असतानाच्या चित्रणांत हशे बहुतेक मुलाचे होते. मास्तरांची टोपी घालून मावशींचं वाक्य तोंडात आलं, आता हा सापडणार, असा तो हशा. दार गेल्यानंतरच्या चित्रणांत दाद हळूहळू नटाकडे सरकत गेली. हशे कमी झाले आणि टाळ्या वाढल्या. फार्समध्ये ही धोक्याची खूण आहे, कारण हशा आपोआप येतो आणि टाळी प्रेक्षक ठरवून वाजवतो.

आणखी एक बारीक गोष्ट दिसली. टाळी मिळाल्यावर नट अर्धा क्षण सैल पडायचा. काम झालं, पोचपावती मिळाली. त्या अर्ध्या क्षणात मुलाची भीती नाहीशी व्हायची. बिल्डरचा माणूस चार पावलांवर उभा असताना जो मुलगा सुखावतो, त्याला सापडण्याची भीती आहे, हे प्रेक्षकानं का मानावं?

मला यावेळी भरताचं नाट्यशास्त्र आठवलं आणि तालमीत मी ते मांडलंही. आठ सात्त्विक भावांत, म्हणजे मनातून शरीरावर उमटणाऱ्या खुणांत, स्वेद आहे आणि स्वरभेदही आहे. म्हणजे घाम येणं आणि आवाज बदलणं या अभिनयाच्याच गोष्टी मानल्या आहेत, पण त्या पात्राच्या मनातून उगवलेल्या. आमच्या नटाला घाम येत होता आणि त्याचा आवाजही फाटत होता. दोन्ही खरे होते, फक्त पात्राचे नव्हते. त्याच ग्रंथात प्रयोगाच्या यशाचे दोन प्रकार सांगितले आहेत. हसू, वाहवा, उठून उभं राहणं ही माणसांकडून मिळणारी सिद्धी, मानुषी. आणि भरलेल्या प्रेक्षागृहात आवाज नाही, चुळबुळ नाही, असं होतं ती दैवी. नट हे ऐकून बराच वेळ गप्प होता. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तो तसाही गप्पच होता, पण त्यानं वहीत लिहून विचारलं: "मग पहिली वाईट का?" प्रश्न रास्त होता. पहिली वाईट नाहीच. नाटकातला प्रत्येक क्षण पहिलीसाठीच वापरला, तर दुसरीला जागा उरत नाही, इतकंच.

कोणते पर्याय होते

बैठक निर्मात्यांच्या ऑफिसात झाली. पाच रस्ते टेबलावर आले.

पहिला व्यवस्थापकांचा. नाटक आहे तसं ठेवायचं, आठवड्याला दोनच प्रयोग करायचे. घशाला आराम मिळेल, गल्लाही राहील. यात घशाची अडचण सुटत होती, नाटकाची नाही.

दुसरा लेखकाचा. दार परत बसवा, सगळं मूळ संहितेप्रमाणे करा. तो चिडलेला होता आणि त्याला हक्कही होता. पण निर्मात्यांनी जो प्रश्न विचारला तो टाळण्यासारखा नव्हता: "डोळ्यांदेखत म्हणून तिकिटं विकली आहेत. संस्थांनी ठरलेल्या रकमेला अख्खे प्रयोग, कॉन्ट्रॅक्ट शो, त्यावर घेतलेत. त्यांना काय सांगू?" जाहिरात हाही एक शब्द असतो आणि तो दिलेला होता.

भूमिका चारवर आणायच्या, हा तिसरा पर्याय. त्यासाठी नाटकाचा गुंता नव्यानं विणावा लागला असता. तो लवकर मागे पडला. दोन-तीन पात्रं दुसऱ्या नटाला द्यायची, हा चौथाही फार टिकला नाही, कारण एकट्या मुलानं सगळं निभावणं हाच कथेचा कणा होता.

पाचवा दिग्दर्शिकेनं मांडला, आणि तो मांडताना तिलाही पूर्ण खात्री नव्हती. दार परत बसवायचं, पण एकच वेशांतर उघड्यावर ठेवायचं. ते अशा ठिकाणी, की जिथे ते दिसण्यानं कथा पुढे जाईल. प्रेक्षकाला वेशांतर दिसावं, पण ते दुसऱ्या कुणाच्या तरी नजरेतून. कुणाच्या? तिनं आईकडे, म्हणजे त्या ज्येष्ठ अभिनेत्रींकडे बघितलं.

व्यवस्थापक शेवटपर्यंत विरोधात होते. निर्मात्यांनी दिग्दर्शिकेला एक महिना दिला.

काय केलं

आवाज परतल्यावर पहिल्या तालमी वेशभूषेशिवाय झाल्या. टोपी नाही, लुगडं नाही, काठी नाही. साध्या टी-शर्टमध्ये, हळू आवाजात, फक्त उभं राहण्याच्या ढबीतून सातही माणसं दाखवायची. मी त्याला लक्ष्मण देशपांडे यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला'चं उदाहरण दिलं. एकपात्री प्रयोग, ५२ व्यक्तिरेखा, आणि त्यातल्या बहुतेक आवाजाच्या पोतातून व अंगाच्या वळणातून उभ्या राहिलेल्या. त्या तालमींत एक अप्रिय गोष्ट कळली. सहापैकी तीन माणसं आमच्याकडे नव्हतीच. फक्त त्यांचे कपडे होते. वेग इतका होता की हे झाकून जात होतं. वेगाचं कौतुक करता करता आत माणूस आहे की नाही, हे तपासायचंच सगळे विसरले होते.

मग प्रत्येकासाठी काम झालं. मावशींची पट्टी खाली आणली. बायकी आवाजासाठी वर चढण्याऐवजी बोलण्याची लय आणि शब्दांच्या शेवटचा हेल यांवर भर दिला. घशाचा ताण तिथेच निम्म्यावर आला. बुवा कानानं अधू, म्हणून नट आधी ओरडत होता. वास्तविक अनेक वर्षं ऐकू न येणारी माणसं समोरच्याच्या ओठांकडे टक लावून बघतात आणि कधी कधी फार हळू बोलतात. बुवा हळू बोलायला लागले आणि बिल्डरच्या माणसाला कान पुढे करावा लागला. त्या जागी नवा हशा आला.

धापांसाठी एक नियम ठरला. नटाचा श्वास दारामागे सोडायचा, बाहेर येताना पात्राचा श्वास घेऊन यायचा. हे लिहायला सोपं आणि करायला फार अवघड. दारामागे दोन लांब उच्छ्वासांची जागा मिळावी, म्हणून बिल्डरच्या माणसाला दोन वाक्यं वाढवून दिली.

ॲडिशनची यादी दिग्दर्शिकेनं कागदावर लिहून काढली आणि सगळ्या बंद केल्या. नट नाराज झाला. "ताई, मी कमी केलं तर लोक म्हणतील, हा आता आळशी झाला."

"कमी करूच नकोस," ती म्हणाली. "पण त्या मुलाला करू दे. तो लोकांना नाही, त्या माणसाला फसवतोय."

सर्वांत मोठा बदल पहिल्या अंकाच्या शेवटी झाला. मुलगा घाईघाईत मावशींचं लुगडं नेसायचा प्रयत्न करतो आहे, निऱ्या जमत नाहीत, बाहेरून हाका येताहेत. मागच्या दारानं आई येते आणि हे बघते. संहितेत आईला दुसऱ्या अंकापर्यंत काही कळत नव्हतं. नव्या प्रसंगात ती काही विचारत नाही. पिशवी खाली ठेवते, त्याच्यासमोर बसते आणि निऱ्या घालून देते. अंक संपतो. लेखकानं यासाठी पुढच्या अंकातली चार वाक्यं बदलली आणि त्याचा राग तिथे विरघळला, कारण आता आईचं दुसऱ्या अंकातलं बोलणं जाणून घेतलेल्या बाईचं बोलणं झालं होतं. जे काम आधी कपडेपटवाले करत होते, तेच आई करू लागली. उघड्यावरचं वेशांतर राहिलं, जाहिरातीतला शब्द काही अंशी राखला गेला आणि घाम मुलाचा झाला.

परिणाम

पुन्हा सुरू झाल्यावरचा पहिला प्रयोग मुंबईच्या उपनगरात होता आणि तो थंड गेला, हे स्पष्ट सांगायला हवं. ठरलेल्या जागी टाळी येत नाही म्हटल्यावर नट बिथरला आणि दुसऱ्या अंकात एक बंद केलेली ॲडिशन घेऊन मोकळा झाला. बाहेर पडताना काही जण म्हणत होते की रीलमध्ये होतं ते दाखवलंच नाही. एका संस्थेनं कॉन्ट्रॅक्ट शोची ठरलेली रक्कम कमी करायला लावली. निर्मात्यांनी ती केली आणि जाहिरातीतली ओळ त्याच आठवड्यात बदलली.

पुढे हळूहळू नाटक स्थिरावलं. वेळ पुन्हा सव्वादोन तासांच्या आत आली. निऱ्यांच्या प्रसंगाला आधी हशा यायचा आणि आई खाली बसली की तो मध्येच थांबायचा. इतक्या माणसांचा हशा एकदम थांबताना ऐकणं हा या सगळ्या खटाटोपातला माझा सर्वांत आवडता क्षण. दुसऱ्या अंकातले खोकले कमी झाले. मध्यंतरात आता लोक आईबद्दल बोलायचे. मेहनतीचा उल्लेख अजूनही व्हायचा, आणि तो व्हावाच.

नटाच्या घशाची सूज उतरली, गाठी वाढायच्या थांबल्या. आवाजाच्या व्यायामांसाठी तो वाक्-उपचारतज्ज्ञांकडे जात राहिला. सलग तीन प्रयोग लागले तर आवाज बसतो, म्हणून निर्मात्यांनी रविवारी दोनपेक्षा जास्त लावले नाहीत.

पैशांचं सांगायचं तर रील्सच्या महिन्यांतला गल्ला पुन्हा कधी दिसला नाही. नाटक अजून एक हंगाम चाललं आणि बंद झालं. दार काढून ठेवलं असतं तर ते जास्त चाललं असतं, असं व्यवस्थापक आजही म्हणतात. कदाचित चाललंही असतं. नटाचा घसा किती टिकला असता, याचं उत्तर त्यांच्याकडे नाही. माझ्या मते निर्णय योग्य होता आणि तोट्यासकट योग्य होता.

वेगळं काय करता आलं असतं

दार निखळल्यानंतरचा फोन हे सगळ्यात कच्चं वळण. अपघातात काहीतरी मोलाचं सापडलं होतं हे खरं, पण ते काय होतं, याचा विचार न करता ते रोज करायचं ठरलं. अपघातातली गंमत 'आता काय होणार' यात होती. ती ठरवून केली की ही अनिश्चितता जाते, आणि तिची भरपाई मग वेगानं, धापांनी, ॲडिशननं करावी लागते. दिग्दर्शिकेनं पुढचा प्रयोग स्वतः बघून, दार बसवूनच, त्या टाळीचा अर्थ लावायला हवा होता. आईनं निऱ्या घालायचा प्रसंग कदाचित त्याच आठवड्यात सुचला असता.

जाहिरातीत भूमिकांचा आकडा आला की प्रेक्षक मोजत बसतो. मोजणारा प्रेक्षक ऐकत नाही. आकडा टाकायचाच असेल, तर त्याच्या शेजारी कथेची एक ओळ हवी होती.

एका बाबतीत माझं दिग्दर्शिकेशी आजही पटत नाही. तिनं सगळ्याच ॲडिशन काढल्या. त्यातली एक, मास्तरांच्या वेशात मुलगा चुकून स्वतःच्या आईला "आई" म्हणतो आणि लगेच "आई गं, गुडघा!" असं सावरतो, ही पूर्णपणे पात्रातून आलेली होती. नटाला ती प्रयोगात सुचली, म्हणून ती दोषी ठरत नाही. छाननी करताना कुणाला सुचलं हे बघायचं नसतं. ते वाक्य मुलगा बोलला असता का, एवढंच बघायचं. ती परत घ्यायला हवी होती.

घशाची तपासणी तालमींच्या काळातच व्हायला हवी होती. सात आवाज काढणाऱ्या नटाचे स्वरतंतू प्रयोग सुरू होण्याआधी एकदा बघून ठेवले, तर पुढे झालेला बदल तरी कळतो. आपल्याकडे प्रकाशयोजनेसाठी तांत्रिक तालीम असते, पण आवाजासाठी कुणी डॉक्टरांकडे जात नाही.

आणि कपडेपटवाले गृहस्थ. दार गेल्यावर ते अचानक प्रेक्षकांना दिसू लागले होते. त्यांचे हात रील्समध्ये होते, शेवटच्या रांगेतून त्यांच्यासाठी शिट्ट्या यायच्या. एरवी कायम अंधारात काम केलेल्या त्या माणसाला हे आवडलं होतं. नव्या मांडणीत त्यांची जागा आईला गेली आणि ते पुन्हा दारामागे गेले. बैठकीत त्यांना बोलावलं नव्हतं, निर्णय त्यांना तालमीच्या दिवशी कळला. उघड्या वेशांतराच्या काळात त्यांचं काम दुप्पट झालं होतं, तरी त्यांची नाईट, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, तीच राहिली. नाटक बंद होण्याच्या सुमारास दिग्दर्शिकेनं हा विषय निर्मात्यांकडे काढला आणि फरक त्यांना देण्यात आला. तो दार पडलं त्या महिन्यातच करारात यायला हवा होता.